संसदेची खर्चमंजुरी : घटनात्मक अधिकार आणि प्रत्यक्ष व्यवहार यांची चिकित्सा

सारांश :
संसदेने कायदा करून मंजुरी दिल्याखेरीज भारताच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही, ही भारतीय राज्यघटनेची भूमिका आहे. अनुदानाच्या मागण्या, विनियोजन विधेयक, लेखानुदान, पुरवणी मागण्या व लेखापरीक्षा या टप्प्यांतून ती दरवर्षी अमलात येते. प्रस्तुत लेखात या टप्प्यांची चिकित्सा केली असून, मंजुरीची कायदेशीर चौकट अबाधित असली तरी तिच्यातील विचारविनिमयाचा अंश क्षीण होत चालला आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अनुदानाच्या मागण्या, विनियोजन, भारित खर्च, कपात सूचना, गिलोटिन, विभागीय स्थायी समित्या.

प्रास्ताविक :
अर्थसंकल्प म्हटला की सर्वसामान्य नागरिकाच्या डोळ्यांसमोर अर्थमंत्र्यांचे भाषण आणि करांतील बदल येतात. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांचे रकाने 'काय स्वस्त, काय महाग' या चर्चेने भरतात. त्यानंतर काही आठवड्यांनी लोकसभेत जे घडते, त्याकडे मात्र अभ्यासकांचेही फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः अर्थसंकल्पाचे भाषण म्हणजे शासनाचा केवळ प्रस्ताव होय. त्या प्रस्तावाला अधिकाराचे रूप देते ते सभागृहाचे मतदान. करांतून जमा झालेला पैसा कोणत्या कारणासाठी, किती आणि कोणत्या कालावधीत खर्च करावयाचा, याची संमती लोकप्रतिनिधींनी द्यावयाची असते, आणि ती दरवर्षी नव्याने द्यावयाची असते. या वार्षिक संमतीत आज संमतीचा भाग किती आणि उपचाराचा भाग किती, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
भारतीय लोकप्रतिनिधींना खर्चावर मत देण्याचा अधिकार सहजासहजी प्राप्त झालेला नाही. १८९२ च्या कौन्सिल कायद्याने सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा मिळाली, परंतु मतदानाचा अधिकार मिळाला नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळात केलेली अर्थसंकल्पावरील भाषणे याच मर्यादेत झाली. शिलकी अर्थसंकल्प हे जनतेच्या सुबत्तेचे लक्षण नसून वाजवीपेक्षा अधिक करवसुलीचे द्योतक आहे, हे गोखल्यांनी शासनाच्याच आकड्यांवरून सिद्ध करून दाखविले. मिठावरील कर कमी करण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि १९०३ मध्ये तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. मताचा अधिकार नसतानाही अभ्यासपूर्ण चर्चेला वजन प्राप्त होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

१९०९ च्या कायद्याने अर्थसंकल्पावर ठराव मांडण्याची सोय झाली. १९१९ च्या कायद्याने काही खर्चावर मतदानाचा अधिकार दिला. तथापि लष्करी खर्च व कर्जावरील व्याज यांसारख्या मोठ्या बाबी मतदानाबाहेर ठेवण्यात आल्या आणि सभागृहाने नाकारलेली मागणी पुन्हा कायम करण्याचा अधिकार गव्हर्नर जनरलकडे राहिला. १९२४ मध्ये स्वराज्य पक्षाच्या पुढाकाराने मध्यवर्ती विधिमंडळाने काही मागण्या फेटाळल्या, त्या या अधिकाराच्या पोकळपणावर बोट ठेवण्यासाठीच. १९३५ च्या कायद्यातही मंजूर खर्चाची अनुसूची गव्हर्नर जनरलच्या स्वाक्षरीने प्रमाणित होत असे. त्यासाठी स्वतंत्र कायदा लागत नसे.

राज्यघटनेच्या मसुद्यात प्रथम हीच पद्धत कायम ठेवलेली होती. १९४९ मध्ये घटना समितीसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडलेल्या दुरुस्त्यांमुळे स्वाक्षरीच्या जागी विनियोजन कायदा आला आणि लेखानुदानाची तरतूद झाली. खर्चाला वैधता देणारी अंतिम कृती शासनप्रमुखाच्या हातून काढून संसदेच्या हाती देणे, हा या बदलाचा गाभा होता. ब्रिटिश अमदानीतील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा सखोल अभ्यास केलेल्या घटनाकारांनी हा बदल घडवून आणावा, हे लक्षणीय आहे.

घटनात्मक चौकट :
राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ ते ११७ मध्ये ही प्रक्रिया ग्रथित झाली आहे. अनुच्छेद ११२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जाते. त्यातील खर्चाचे दोन भाग पडतात : भारित आणि दत्तमत. राष्ट्रपतींचे वेतन व भत्ते, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे वेतन, कर्जावरील व्याज व कर्जफेड हे खर्च एकत्रित निधीवर भारित असतात. त्यांवर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. उर्वरित खर्च अनुच्छेद ११३ नुसार अनुदानाच्या मागण्यांच्या रूपाने केवळ लोकसभेपुढे येतो. लोकसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा तिच्यात कपात करू शकते. वाढ मात्र करू शकत नाही, कारण राष्ट्रपतींच्या म्हणजेच मंत्रिमंडळाच्या शिफारशीवाचून कोणतीही मागणी मांडता येत नाही. मागण्या मंजूर झाल्यावर अनुच्छेद ११४ नुसार विनियोजन विधेयक येते. त्यात रक्कम वा तिचे प्रयोजन बदलणारी दुरुस्ती मांडता येत नाही. हे धनविधेयक असल्याने राज्यसभेला ते चौदा दिवसांत शिफारशींसह वा शिफारशींवाचून परत करावे लागते. राज्यांसाठी हीच रचना अनुच्छेद २०२ ते २०७ मध्ये आढळते.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना ही रचना दूरची वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांच्या वेतनाचा खर्च '२२०२ – सर्वसाधारण शिक्षण' या मुख्य लेखाशीर्षाखाली पडतो. विधानसभेने संबंधित मागणी मंजूर केली आणि विनियोजन कायदा झाला, तरच कोषागाराला ते देयक पारित करण्याचा अधिकार मिळतो.

गिलोटिन आणि चर्चेचा ऱ्हास :
केंद्राच्या मागण्यांची संख्या शंभराच्या आसपास असते. सर्व मागण्यांवर सविस्तर चर्चा होणे अशक्य असल्याने सभागृहाची कामकाज सल्लागार समिती काही मंत्रालये निवडते. नियत दिवसांपैकी शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळी अध्यक्ष उरलेल्या सर्व मागण्या एकत्रितपणे मतास टाकतात. यालाच गिलोटिन म्हणतात. ही पद्धत भारताची निर्मिती नव्हे. ब्रिटिश हाऊस ऑफ कॉमन्सने १८९६ मध्ये खर्चमंजुरीच्या चर्चेसाठी ठरावीक दिवस मुक्रर केले, तेव्हापासून ती रूढ झाली. विरोधकांना चर्चा लांबवून शासनाचा कारभार थांबविता येऊ नये, हा तिचा हेतू होता आणि तो समर्थनीयही होता.

प्रश्न निर्माण होतो तो अपवादाचा नियम बनतो तेव्हा. २००४-०५, २०१३-१४, २०१८-१९ आणि २०२३-२४ या चार वर्षी एकाही मंत्रालयाच्या मागणीवर स्वतंत्र चर्चा न होता लोकसभेने सर्व मागण्या मंजूर केल्या. १४ मार्च २०१८ रोजी सुमारे २४.४२ लाख कोटी रुपये खर्चाच्या अर्थसंकल्पाच्या मागण्या, विनियोजन विधेयक आणि वित्त विधेयक गदारोळात अवघ्या अर्ध्या तासाच्या सुमारास संमत झाले. परकीय देणग्यांविषयीच्या कायद्यात १९७६ पासून पूर्वलक्षी प्रभावाने बदल करणारी तरतूदही त्या वित्त विधेयकात होती; तिच्यावरही चर्चा झाली नाही. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटी रुपये खर्चाच्या अर्थसंकल्पाबाबत याच प्रकाराची पुनरावृत्ती झाली.

या चार वर्षांपैकी पहिल्या दोन वेळी संयुक्त पुरोगामी आघाडी आणि नंतरच्या दोन वेळी राष्ट्रीय लोकशाही आघाडी सत्तेवर होती. यास्तव दोष एका पक्षाच्या माथी मारून चालणार नाही. विरोधी पक्षांनीही कामकाज रोखण्याच्या डावपेचात खर्चावरील चर्चेची संधी वेळोवेळी गमावलेली आहे. गोंधळाची किंमत शासनाला मोजावी लागत नाही, कारण गिलोटिनमुळे त्याच्या मागण्या मंजूर होतातच. ती मोजावी लागते सभागृहाला. मताचा अधिकार नसलेल्या गोखल्यांनी आकडे पुढे करून शासनाला उत्तर देण्यास भाग पाडले. मताचा पूर्ण अधिकार असलेल्या सभागृहात आकड्यांचा उच्चारही न होता मतदान व्हावे, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे.

कपात सूचना : अधिकार की प्रतीक?
मागणीला विरोध करण्याचे सदस्यांच्या हातातील साधन म्हणजे कपात सूचना. तिचे तीन प्रकार आहेत. धोरणाविषयी नापसंती दर्शविताना मागणी एक रुपयापर्यंत कमी करण्याची सूचना दिली जाते. काटकसरीसाठी विशिष्ट रकमेची कपात सुचविली जाते. आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडण्यासाठी शंभर रुपयांची सांकेतिक कपात सुचविली जाते.

तत्त्वतः हे प्रभावी साधन असले तरी त्याच्या परिणामकारकतेला दोन गोष्टी बाधक ठरतात. पहिली म्हणजे संसदीय संकेत. कपात सूचना संमत होणे हा शासनावरील अविश्वास मानला जातो, त्यामुळे शंभर रुपयांच्या कपातीवरही शासनाचे अस्तित्व पणाला लागते. दुसरी म्हणजे १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेली दहावी अनुसूची. पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व गमवावे लागत असल्याने सत्ताधारी पक्षाचा सदस्य एखाद्या मंत्रालयाचा खर्च अनाठायी आहे असे जाणूनही मागणीविरुद्ध मत देऊ शकत नाही. एप्रिल २०१० मध्ये इंधन दरवाढीच्या प्रश्नावरील कपात सूचनांवर मतदान झाले, तेव्हा चर्चेचा सारा रोख शासन तरते की पडते याच प्रश्नाकडे वळला. दरवाढीचे अर्थकारण बाजूला पडले. जे शस्त्र चालविल्यास शासनच कोसळते, ते शस्त्र दैनंदिन नियंत्रणासाठी उपयोगी पडत नाही.

विभागीय स्थायी समित्या :
सभागृहातील वेळेची उणीव भरून काढण्यासाठी १९९३ मध्ये सतरा विभागीय स्थायी समित्या स्थापन झाल्या; २००४ मध्ये त्यांची संख्या चोवीस झाली. लोकसभेचे एकवीस व राज्यसभेचे दहा असे एकतीस सदस्य प्रत्येक समितीत असतात. अर्थसंकल्पावरील सर्वसाधारण चर्चेनंतर सभागृह काही काळ तहकूब होते आणि त्या अवधीत या समित्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात. समित्यांच्या बैठका बंद दाराआड होत असल्याने पक्षीय अभिनिवेश कमी असतो, अधिकाऱ्यांची साक्ष घेतली जाते आणि अखर्चित निधीविषयी नेमके प्रश्न विचारले जातात. खर्चावरील संसदीय चर्चेचा दर्जा आज कोठे टिकून असेल तर तो या अहवालांत, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

तथापि या व्यवस्थेतही तीन उणिवा आहेत. एक, समितीने आपल्या अहवालात कपात सूचनेच्या स्वरूपाचे काहीही सुचवू नये, असे लोकसभेचे नियमच सांगतात. म्हणजे तपासणी करणाऱ्यांना रकमेविषयी निर्णय सुचविता येत नाही आणि निर्णय देणाऱ्या सभागृहाला तपासणीसाठी वेळ मिळत नाही. दोन, शिफारशींवर मंत्रालयांनी उत्तर देण्याची मुदत तीन महिन्यांची आहे. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो आणि सामान्यतः ३१ मार्चपूर्वी मंजूर होतो. आर्थिक वर्षारंभीच निधी उपलब्ध होतो आणि निवडणुकीचे वर्ष वगळता लेखानुदानाची गरज उरत नाही, हा या बदलाचा निःसंशय लाभ आहे. परंतु मंत्रालयांची उत्तरे येईपर्यंत विनियोजन कायदा अमलात येऊन चुकलेला असतो. तीन, ज्या मागण्या गिलोटिनखाली जातात त्यांच्यावरील अहवाल सभागृहात विचारातच घेतले जात नाहीत. समितीचे परिश्रम आणि सभागृहाचे मतदान यांना जोडणारा दुवा अशा रीतीने निखळलेला आहे.

मतदानाबाहेरचा आणि मतदानानंतरचा खर्च :
वार्षिक संमतीची व्याप्तीही संकुचित होत आहे. २०२३-२४ च्या अंदाजात केवळ व्याजासाठी सुमारे १०.८० लाख कोटी रुपयांची तरतूद होती, म्हणजे एकूण खर्चाच्या जवळजवळ २४ टक्के. हा सर्व खर्च भारित आहे. तो भारित असणे योग्यच आहे. घेतलेल्या कर्जाचे व्याज द्यावयाचे की नाही हा दरवर्षीच्या मताचा विषय होऊ शकत नाही. परंतु म्हणूनच ज्या वर्षी कर्ज घेतले जाते त्या वर्षीची चर्चा अधिक महत्त्वाची ठरते. आज चर्चेवाचून मंजूर झालेली तूट ही उद्याच्या सभागृहाच्या मताधिकारातील घट असते.

अर्थसंकल्पबाह्य कर्जांचा प्रश्न याहून गंभीर आहे. अन्न अनुदानाचा मोठा भाग काही वर्षे भारतीय अन्न महामंडळाने राष्ट्रीय अल्पबचत निधीतून घेतलेल्या कर्जावर भागविला जात होता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी अशा प्रथेवर आक्षेप नोंदविला. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात ही पद्धत बंद करण्याचे जाहीर झाले, तेव्हा २०२०-२१ चा अन्न अनुदानाचा सुधारित अंदाज सुमारे १.१६ लाख कोटींवरून सुमारे ४.२३ लाख कोटी रुपयांवर गेला. या वाढीत महासाथीच्या काळातील मोफत धान्याचा वाटा होता हे खरे. परंतु मागील वर्षांची थकबाकीही त्यात होती. खर्च झालेला असतो, दायित्व शासनाचे असते, पण सभागृहापुढे मागणी आलेली नसते, अशी ही स्थिती होती. ती दुरुस्त झाली, याचे श्रेय लेखापरीक्षेला आणि चुकीची कबुली देणाऱ्या शासनालाही द्यावयास हवे.

पुरवणी मागण्यांचे स्वरूपही तपासण्याजोगे आहे. अनुच्छेद ११५ मधील ही तरतूद अनपेक्षित गरजांसाठी आहे. महाराष्ट्रात २८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुमारे ९५ हजार कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. अर्थसंकल्पीय भाषणात घोषित झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची तरतूद त्यांत होती. योजनेच्या इष्टानिष्टतेचा प्रश्न येथे नाही. अर्थसंकल्पाच्या भाषणात जाहीर झालेली योजना 'अनपेक्षित' कशी ठरते, हा प्रश्न प्रक्रियेचा आहे. पुरवणी मागण्यांचा आकार वाढू लागला की मूळ अर्थसंकल्पावरील मतदानाचा अर्थ त्या प्रमाणात उणावतो. त्यातच केंद्राचा आकस्मिकता निधी २०२१ मध्ये ५०० कोटींवरून ३० हजार कोटी रुपये करण्यात आला. संकटकाळी त्वरित खर्च करता यावा यासाठी ही वाढ उपयुक्त असली तरी मंजुरीपूर्वीच्या खर्चाचा अवकाश तीमुळे विस्तारला आहे.

खर्चानंतरच्या नियंत्रणात लोकलेखा समितीचे स्थान मोलाचे आहे. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत पाळला जातो. शंभर कोटी रुपये वा त्याहून अधिक बचत झाल्यास मंत्रालयाला समितीपुढे स्पष्टीकरण द्यावे लागते. तथापि ही तपासणी खर्चानंतर बऱ्याच काळाने होते. जी मागणी चर्चेवाचून मंजूर झाली तिच्यातील निधी अखर्चित राहिला, हे लेखापरीक्षेत उघड झाले तरी ज्यांच्यासाठी तो निधी होता त्यांचे ते वर्ष परत येत नाही.

काही उपाय :
वरील चिकित्सेच्या आधारे पुढील उपाय विचारार्ह ठरतात. (१) ज्या मागणीवर स्थायी समितीचा अहवाल आहे, तिच्यावरील मतदानापूर्वी मुख्य शिफारशींना मंत्र्यांनी सभागृहात लेखी उत्तर देणे बंधनकारक असावे. (२) दरवर्षी चर्चेस घ्यावयाच्या मंत्रालयांपैकी निम्म्यांची निवड विरोधी पक्षांकडे असावी आणि प्रत्येक मंत्रालय एका लोकसभेच्या कार्यकाळात किमान एकदा चर्चेस यावे. (३) ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या पुरवणी मागण्या प्रथम संबंधित समितीकडे जाव्यात. (४) सांकेतिक व काटकसरीच्या कपात सूचनांवरील मतदान अविश्वासाचे निदर्शक मानले जाऊ नये आणि तेवढ्यापुरता पक्षादेश शिथिल असावा. (५) अमेरिकेत १९७४ पासून, तर ऑस्ट्रेलियात २०१२ पासून विधिमंडळाच्या सेवेत अर्थसंकल्पाचे विश्लेषण करणारे स्वतंत्र कार्यालय आहे. तसे कार्यालय संसदेला उपलब्ध व्हावे. यांपैकी पहिल्या तिन्हींसाठी घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. सभागृहाच्या नियमांत बदल पुरेसा आहे.

निष्कर्ष :
संसदेच्या वार्षिक खर्चमंजुरीला निव्वळ उपचार म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मंजुरीवाचून कोषागार उघडत नाही, हा नियम अबाधित आहे. शासनाला दरवर्षी सभागृहापुढे यावेच लागते आणि त्यानिमित्ताने आपल्या खर्चाचा तपशील छापावाच लागतो. समित्यांचे कामकाज व लेखापरीक्षा यांनी या व्यवस्थेतील जिवंतपणा टिकवून ठेवला आहे. परंतु मंजुरीचे दोन घटक असतात : हात वर करणे आणि तो का वर केला हे सांगणे. यांपैकी पहिला घटक भक्कम आहे आणि दुसरा दुबळा होत आहे. स्वाक्षरीने प्रमाणित होणाऱ्या अनुसूचीच्या जागी घटनाकारांनी कायदा आणला, तो खर्चाची कारणे खुल्या सभागृहात सांगितली जावीत म्हणून. ती न सांगता कायदा होऊ लागला, तर नाव कायद्याचे आणि स्वरूप अनुसूचीचे अशी स्थिती उद्भवेल. ती टाळण्याची साधने सभागृहाच्या स्वतःच्या नियमांतच उपलब्ध आहेत. त्यांचा वापर करण्याची इच्छाशक्ती सत्ताधारी व विरोधक या दोहोंनी दाखविणे अगत्याचे आहे.